उभ्या गवताच्या दोन रेघा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पण स्पॅनर म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर मी सगळ्यांना तोंडी सांगेन." आणि स्पॅनर तोंडी सांगतो तेव्हा माझा आवाज बकरीसारखा काढतो. तेव्हा लिहिलेलंच बरं.

आधी माझी ओळख. मी डिटेक्टिव्ह. कुठे शिकलो नाही, सगळं आपलं आपण. नजर घारीची, कान सशाचे आणि डोकं... डोक्याचा विषय पुढे येणार आहे, आत्ता नको. डोक्यावर मात्र कायम हॅट. जाड, लोकरीची, उन्हात आत अंडं उकडेल अशी. आजवरची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे आईचा हरवलेला चष्मा. तो आईच्या कपाळावर होता. सापडला आईलाच, पण तपास माझा होता.

स्पॅनर म्हणजे माझा मित्र. ट्रॅक्टरने लोकांचं गवत कापून देतो. त्याच्याकडे जुना रोटरी कटर आहे. लोखंडी झाकण आणि त्याखाली पंख्यासारखं गरगरणारं जाडजूड पातं. गवत, काटे, झुडपं, जे येईल ते आडवं. खोड एकच. वाटेत दगड आला की तोही कापायला बघतो. दगड काही कापला जात नाही, तो उडतो. गेल्या हंगामात असाच एक उडाला आणि बाईंच्या काचेच्या रोपघरात, निरोप न देता, आत शिरला.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. घरामागे केवढं तरी मैदान, त्याच्या कडेला ते रोपघर. स्पॅनरकडे तेवढं एकच मोठं काम. त्या म्हणाल्या, "यंदा काच फुटली किंवा मैदान ओबडधोबड दिसलं, तर मी निळ्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावणार. अख्ख्या हंगामासाठी."

स्पॅनरची झोप उडाली. त्याने यंत्रवाल्या काकांकडून चाचणीसाठी फ्लेल मोवर आणला. त्यात एक आडवा रूळ आणि त्याला लटकवलेली ढीगभर छोटी पाती. दगड लागला की पातं मागे झुकतं, "सॉरी हं" म्हटल्यासारखं, आणि पुढे जातं. गवताचा पार भुगा. ठरलं असं की अर्धं मैदान फ्लेलने, अर्धं रोटरीने, आणि दुसऱ्या दिवशी बाई बघणार.

इथे माझा सल्ला आला. "उजाडताच फ्लेल चालव. निळा झोपलेला असेल. आपलं तंत्र गुप्त राहील."

"उजाडताच?" स्पॅनर असा दचकला की जणू मी किडनी मागितली. हा माणूस आयुष्यात उन्हं वर आल्याशिवाय उठलेला नाही. पण माझ्या हॅटकडे बघून तयार झाला.

पहाटे गेलो. गवत दवाने चिंब, माझ्या बुटांत डबकी. फ्लेलने अर्धं मैदान झालं. मग स्पॅनरने राहिलेली झोप काढली आणि दुपारी, कडक उन्हात, रोटरीने दुसरं अर्धं. संध्याकाळी बघितलं तर फ्लेलची बाजू मखमल! रोटरीची बाजू म्हणजे घाईत असलेल्या न्हाव्याने भादरलेलं डोकं, वर गवताचे पुंजके. एक दगडही उडाला होता, पण बिचाऱ्या बादलीलाच लागला.

"जिंकलो," स्पॅनर म्हणाला. यंत्रवाल्या काकांना फोन करून "मोवर ठेवतोय" असंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "अरे ये लवकर. गवत परत आलंय."

गेलो. मखमलीवर गवताच्या उभ्या रेघा! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, जोडीजोडीने. रोटरीच्या बाजूला एकही नाही.

"मशीनच भंगार आहे," स्पॅनर मातीत बसला. "बाई आत्ता चहा पिऊन येतील. गेलं काम."

"बसू नकोस. पुराव्यावर बसलायस."

पहिला संशय निळ्यावर. रात्री येऊन त्याने गवत लावलं असणार. गवताचं एक पातं उपटून बघितलं, मुळं चांगली खोल. म्हणजे निळा मेहनती आहे.

दुसरा संशय मोवरची पाती चोरणाऱ्यांवर. रुळाखाली शिरलो, एकेक पातं हलवून बघितलं. सगळी जागेवर. बाहेर आलो तर तोंडाला इतकं ग्रीस की स्पॅनरने क्षणभर ओळखलं नाही. ओळखल्यावरही त्याला आनंद झाला नाही.

मग मी रेघांमधलं अंतर मोजलं आणि अंगावर काटा आला. "स्पॅनर, गुन्हेगार दोन्ही पाय फाकवून चालतो. आणि त्याच्या दोन पायांत अंतर किती आहे माहितीये? बरोबर तुझ्या ट्रॅक्टरच्या चाकांइतकं!"

"एवढा मोठा माणूस?" स्पॅनर घाबरून म्हणाला.

आम्ही दोघंही ट्रॅक्टरला टेकून विचार करत होतो, हे इथे नमूद करतो.

शेवटी खात्री पटली, जमिनीखाली पाण्याचे दोन पाइप असणार. ओलाव्याने गवत रातोरात वाढलं! फावडं घेतलं आणि खणलं. पाइप नव्हता. आता मात्र मैदानात खड्डा होता. आणि खड्ड्याच्या काठावर बाई.

"हे काय?"

"तपास, बाई."

"तू अजून तसाच आहेस. आधी ती टोपी काढ. माझ्याशी बोलताना टोपी चालत नाही, माहितीये ना?"

हॅट काढली. आत घामाने डोकं निथळत होतं, केस कवटीला चिकटलेले. मी पाइपांची थिअरी सांगायला लागलो. बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या डोक्याकडे. मी निळ्यावर आलो तरी डोक्याकडेच. मग एकदम हसायला लागल्या. इतक्या, की स्पॅनरच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"बघ, बघ, आणखी एक उठला!"

मी चाचपलं. केस वाळत होते आणि एकेक करून उभे राहत होते. बरोबर हॅटच्या पट्टीच्या रेघेत.

"काल फ्लेल कधी चालवलंस रे?" बाईंनी स्पॅनरला विचारलं.

"उजाडताच. याने सांगितलं."

"ओल्या गवतात! अरे, चाकाखाली ते चिकटून आडवं झालं, मशीन त्याच्यावरून तसंच गेलं, वर भुगा पडला. भुग्याखाली सावकाश वाळलं आणि रात्रीत उठलं. याच्या केसांसारखं. रोटरी दुपारी कोरड्यात चालवलीस, म्हणून तिकडे रेघा नाहीत."

स्पॅनरने ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघितलं. मग रेघांकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"बाई, ऊन वर आलं की परत एकदा फिरवू?"

"फिरव. उलट्या दिशेने. मग बघते."

दुपारी अख्ख्या मैदानावर फ्लेल फिरवलं. माझी जागा बाईंनीच ठरवून दिली होती, खड्ड्यात, फावड्यासकट, तो बुजवायला. तिथून मी बघितलं तर मैदान खरंच गालिचा! बाई अनवाणी चालून आल्या आणि स्पॅनरला म्हणाल्या, "हंगामभर तूच ये. रोपघराजवळ आणि मैदानावर हे नवीन. पलीकडच्या काटेरी झुडपांत ते जुनं दांडगट. तिथे फोडायला काचा नाहीत."

म्हणजे दोन्ही यंत्रं निर्दोष. अपराधी एकच, आणि तो माती चोपत होता.

परत येताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. हॅट मांडीवर. स्पॅनरचं काम आज माझ्यामुळे जवळजवळ गेलंच होतं, हे मला कळत होतं. हॅट नसली की असं बरंच कळतं.

"एक वचन दे," तो म्हणाला.

"दिलं. दव वाळल्याशिवाय तुला सल्ला देणार नाही."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर आधी बाईंना विचारीन."