बी बाजूवरचा मोगी

“तू फक्त येऊन बस. बाकी सगळं माझ्यावर सोड. माशीसुद्धा शिंकणार नाही!”

असं म्हणून सेगावाने छातीवर थाप मारली, तेव्हाच मोगीने घाबरायला हवं होतं. कारण सेगावाने छातीवर थाप मारली की थोड्याच वेळात तो उताणा पडलेला असतो, हे साऱ्या जपानला ठाऊक होतं.

‘सहा किटल्या’ हा त्यांचा बँड. सेगावा क्लॅरिनेट वाजवायचा. म्हणजे वाजवायला घ्यायचा. दोनचार सुरांतच क्लॅरिनेटमधून पीठ उडायचं, त्याचं तोंड पांढरं व्हायचं, लोक हसायचे. हसू कानावर पडलं की त्याचा डावा पाय सटकायचा आणि तो धाडकन पाठीवर! त्या आवाजासरशी पियानोवर बसलेला मोगी कपाळ पट्ट्यांवर आपटायचा. डांग! टीव्हीवर दर आठवड्याला हेच. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत हेच करायची आणि टेंगळं घेऊन घरी जायची.

पण ही मंडळी मुळात जाझवाली, आणि पक्की. युद्धानंतर अमेरिकन छावण्यांच्या क्लबांत वाजवून वाजवून त्यांचे हात तयार झाले होते. एकदाच, आयुष्यात एकदाच, त्यांनी पीठ आणि कपाळ बाजूला ठेवून नुसत्या वाद्यांची एक तबकडी काढली. दुकानदारांनी ती विनोदी गाण्यांच्या खणात ठेवली. लोकांनी हौसेने नेली, शेवटपर्यंत ऐकली, आणि पीठ कुठे उडतं ते न सापडल्यामुळे परत आणून दिली!

त्या तबकडीच्या बी बाजूला अखेरीस मोगीचा एकट्याचा पियानो आहे. बाकीची वाद्यं थांबतात. मोगीही जरा थांबतो. मग पाहुणे गेल्यावर घरातलं माणूस एकेक पेला उचलून जागेवर ठेवतं, तसा एकेक सूर ठेवत जातो. सेगावाला जगात याहून काही आवडत नव्हतं. स्वतःची क्लॅरिनेटसुद्धा नाही.

आता मोगी चालला होता. त्याचे सासरे वारले होते, आणि निइगाताचं त्यांचं सोया सॉसचं दुकान बघायला दुसरं कोणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने बायकोच्या गावी जायचं, ते कायमचंच. जाताना त्याने एकच गोष्ट मागितली होती.

“लोक ती बाजू न हसता ऐकतायत, एवढं एकदा बघायचंय मला. घरी लावली तर बायको उशी तोंडात धरते रे. म्हणते, ‘अहो, आता कपाळ आपटणार, हो ना?’”

न हसता ऐकण्याची जागा टोकियोत होती. उएनो स्टेशनमागच्या गल्लीतलं ‘मोकुरेन’, जाझच्या तबकड्या ऐकवणारं कॉफीघर. तिथे माणसं एक कॉफी घेऊन डोळे मिटून अशी बसत, की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, कोणाची तरी शोकसभा चालू आहे. बोलायला सक्त बंदी. काही सांगायचंच असेल तर पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहायचं. जो आवाज करेल तो बाहेर. आणि एकदा लावलेली बाजू भूकंप झाला तरी मध्ये थांबवायची नाही. हे नियम मालकाचे. नाव उरुशिबारा, पण सगळे म्हणत मास्तर. मास्तर हसलेले कोणी पाहिले नव्हते.

सेगावाने आधी सरळमार्गाने फोन करून पाहिला होता.

“‘सहा किटल्यां’ची तबकडी लावाल का?”

“किटल्या आमच्याकडे स्वयंपाकघरात असतात,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणून हा बेत. सेगावाकडे त्या तबकडीची कंपनीने दिलेली नमुन्याची प्रत होती. मधल्या कागदावर नाव नाही, गाव नाही. कोरा पांढरा. ती त्याने एका अमेरिकन वेष्टनात घातली. मग टोपी कानापर्यंत ओढली, तोंडावर सर्दीचा मास्क चढवला (थंडीचे दिवस, अर्धं शहर मास्कमध्ये) आणि मोकुरेनमध्ये जाऊन चकतीवर लिहिलं : ‘डेट्रॉइटचा बँड. योकोसुकाच्या अमेरिकन खलाशाकडून मिळाली. जपानात दुसरी नाही.’

मास्तरांनी तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, हिरा पारखावा तशी. मग लिहिलं : ‘शनिवार. दुपारनंतर.’

शनिवारी दोघे मास्क लावून कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. मोगीची बॅग पायाशी. मास्तरांनी सुई ठेवली.

पहिल्या सुरालाच डोळे मिटले गेले. माना डोलू लागल्या. पलीकडे प्राध्यापक निवा होते. ते कॉलेजात फ्रेंच शिकवायचे आणि इथे सगळ्यांना जाझ शिकवायचे. अर्ध्या बाजूतच त्यांनी चकती भरून सगळ्या टेबलांवर फिरवली. ती कोपऱ्यात पोचली, तेव्हा मोगीने वाचली : ‘डेट्रॉइटच! या पियानोवाल्याला मी तिथे ऐकलंय. धिप्पाड गडी. असं थांबणं आपल्या लोकांना या जन्मी जमायचं नाही.’

पाच फुटी मोगीने चकती खिशात घातली. मास्कवरचे त्याचे डोळे ओले झाले होते. सेगावाने टेबलाखालून त्याला कोपर मारलं. बघ! म्हटलं होतं ना?

बाजू संपली. प्राध्यापकांनी उभं राहून, हात जोडून बी बाजू मागितली. मोकुरेनमध्ये पाठोपाठ दुसरी बाजू लावत नसत. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि तबकडी उलटली!

इथपर्यंत माशी शिंकली नव्हती. पण सेगावा एक गोष्ट विसरला होता. मास्क लावून कॉफी पिता येत नाही.

मास्तर दोन गोष्टींबाबत हळवे होते. एक तबकडी, दुसरी कॉफी. कोपऱ्यातले दोन पेले भरलेलेच पाहून ते मांजरपावलांनी आले आणि सेगावापुढे चकती ठेवून गेले : ‘निवतेय. आवडली नाही का?’

न पिणं म्हणजे अपमान. अपमान झाला तर? सेगावाला घाम फुटला. त्याने ठरवलं, एक घोट, पटकन. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. वाद्यं थांबली. मोगीचा सोलो सुरू व्हायचा होता, त्याआधीची ती शांतता. सेगावाने मास्क हनुवटीवर ओढला.

समोरच्या टेबलावर एक विद्यार्थिनी होती. तिने नेमके तेव्हाच डोळे उघडले.

तिने ओठ दाबले, नाक दाबलं. तरी कुकरच्या शिट्टीतून निसटावी तेवढी वाफ निसटलीच.

“खिक्.”

ते हसू होतं. आणि हसू कानावर पडल्यावर सेगावाच्या हातात काही नसायचं. ‘नाही, आज नाही!’ असं डोकं ओरडलं, पण डावा पाय काही डोक्याचं ऐकत नव्हता. खुर्ची मागे, पेला वर, कॉफी चौफेर, सेगावा धाडकन पाठीवर! आणि त्या आवाजासरशी मोगीने (त्याचीही वीस वर्षांची सवय) टेबलावर कपाळ आपटलं.

डांग!

मग काय! मोकुरेन फुटलं. वर्षानुवर्षं कोंडलेलं हसू होतं ते. विद्यार्थिनी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. प्राध्यापक निवा चष्मा काढून हसत होते, “किटल्या! अहो, किटल्या आहेत!” म्हणून सांगत होते. मास्तरांनी हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं. सगळ्यांना. एकजात.

गल्लीत सगळे बाहेर आणि आत मास्तर एकटे. दार बंद. बाजू चालूच, कारण नियम.

मोगी दाराला कान लावायला गेला. पण लोकांनी सेगावाला घेरलं होतं.

“सेगावा-सान, एकदा! पोरांना सांगेन घरी!”

“अहो, पीठ नाहीये माझ्याकडे.”

“चालेल, बिनपिठाचं!”

आणि ते हसले. म्हणजे तो पडला. ते आणखी हसले. तो आणखी पडला. प्राध्यापक टाळ्या वाजवत म्हणाले, “वा! हे मात्र जगात फक्त आपल्यालाच जमतं!” त्या कल्लोळात दारापलीकडचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पांगापांग झाली तेव्हा दार उघडलं. मास्तर तबकडी घेऊन उभे होते. ती त्यांनी पुसून, कागदात घालून दिली. मोकुरेनच्या मालकाचा आवाज सेगावाने समोरासमोर पहिल्यांदाच ऐकला.

“डेट्रॉइट वगैरे मला सांगू नका. पियानोवर कोण आहे?”

“का हो?”

“शेवटपर्यंत उभ्याने ऐकला. बसवेना.”

सेगावा वळला. “मोगी! अरे मोगी, ऐकलंस का?”

मोगी नव्हता. बॅगही नव्हती. गाडीची वेळ झाली होती.

सेगावा धावत सुटला. रस्त्यावरचे लोक ओळखून हसत होते, आणि हसू ऐकलं की पाय सटकत होता, म्हणून त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. ते पाहून लोक आणखी हसले. फलाटावर पोचला तेव्हा गाडी हलली होती. खिडकीच्या काचेआड मोगी. कपाळावर टेंगूळ.

“मास्तर उभे राहिले!” सेगावा डब्याबरोबर पळत ओरडला. “तुझ्या पियानोला! हसले नाहीत! उभे राहिले!”

काच बंद होती. मोगीने कानाला हात लावून ‘काय?’ केलं. सेगावाने उभं राहून दाखवायचा प्रयत्न केला, आणि पळताना उभं राहून दाखवणं कोणालाच जमत नाही. तो पडला. या वेळी खरंच पडला, गुडघा फुटला.

आत मोगी पोट धरून हसला. टाळ्या वाजवल्या. शेजारच्या प्रवाशालाही दाखवलं. मग त्याने निरोपादाखल काचेवर कपाळ आपटलं आणि गाडी गेली.

सेगावाने त्याच आठवड्यात पत्र टाकलं. मास्तरांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. निइगाताहून उत्तर आलं, सोबत सोया सॉसची बाटली.

‘फलाटावरचं पडणं तुझं आजवरचं सर्वांत झकास. बायकोला करून दाखवलं, ती रडेपर्यंत हसली. मास्तर उभे राहिल्याचं मात्र नाही रंगलं. विनोदाला थोडा तरी खऱ्याचा आधार लागतो रे.’