लहान मापास प्राधान्य

माणसाचा निम्मा जन्म वाट पाहण्यात जातो, आणि हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागलं तर उरलेला निम्माही. ही हानी ध्यानात घेऊन हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यानं ‘प्रतीक्षाकाल घटाव मोहीम’ हाती घेतली. तिथं नांदेडहून हाडांचे डॉक्टर दर गुरुवारी येत, दहा ते दोन. (दोन म्हणजे दोन. गाडी एक पन्नासलाच चालू होऊन उभी राही.)

हट्टा गावच्या चतुराबाईंचा उजवा गुडघा चार महिने सुजलेला होता. खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागत, त्यामुळे निंदणीला जाणं सुटलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. त्या गुरुवारी त्या पहिल्या जीपनं आल्या, रिवाजाप्रमाणे दारापासून लागलेल्या चपलांच्या रांगेत सातव्या नंबरला आपल्या चपला ठेवल्या आणि लिंबाखाली जाऊन निर्धास्त पाय लांब केले.

मोहिमेचे प्रमुख अद्वैत पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले होते. कारखान्यात पाना-पक्कडीला जे लागू तेच दवाखान्याला लागू, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांना दारात एकसष्ट जोड अस्ताव्यस्त दिसले. (रुग्ण दिसले नाहीत; ते लिंबाखाली होते.) तासाभरात त्यांनी सफाईवाल्या मनकर्णाबाईंकडून सगळ्या चपला पुसून घेतल्या आणि मापानुसार रॅकवर लावल्या, लहान वर, मोठ्या खाली. मग फोटो काढला. फोटो खरोखर देखणा आला.

“माहा नंबर काहून हलवला रं लेकरा?” चतुराबाई कळवळल्या.

“आजी, वस्तू जागेवर असली की वेळ वाचतो.”

आता नंबर रॅकवरून, वरून खाली लागणार, हे ओघानं आलंच. चतुराबाईंचं पाऊल जन्मापासून भरभक्कम. त्या अठ्ठावन्नाव्या निघाल्या, आणि दोन वाजले.

पुढच्या गुरुवारी त्या शहाण्या होऊन आल्या. नातीच्या, चालताना चूंचूं वाजणाऱ्या चपला पिशवीतून काढल्या. पाहतात तो रॅकवर आधीच बावन्न जोड वाजणारेच. सत्तर वर्षांचे उकंडराव तर पाळण्यातल्या लेकराचे लोकरी मोजे ठेवून राहिले होते.

“भाऊ, हे काहून?”

“कंबर दुखून राहिली ना, बाई.”

दोन वाजले.

अद्वैतनी रॅकवरच्या मापांवरून आकडे मांडले. बालरुग्णांत आठवड्यात तेरापट वाढ. प्रौढ रुग्ण जवळपास संपुष्टात. आकडे खोटं बोलत नाहीत. (त्यांना कुणी विचारतही नाही.) हाडांच्या डॉक्टरांना नारळ मिळाला आणि गुरुवारी बालरोगतज्ज्ञ बसू लागले.

तिसऱ्या गुरुवारी चतुराबाईंना एक मिनिटसुद्धा थांबावं लागलं नाही.

“डॉक्टरसाहेब, माहा गुडघा...”

डॉक्टरांनी मायेनं वजन केलं, जंताची गोळी दिली आणि कार्डावर ‘वाढ समाधानकारक’ असं लिहिलं. सरासरी प्रतीक्षाकाल शून्यावर आला, मोहिमेला मानपत्र मिळालं. गुडघा अजून ठणकतो. पण वाट पाहणाऱ्यांच्या यादीत तो आता नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांत एकानं तरी त्या पोराला रॅकपुढं उभं करून समजवायला हवं होतं. अगदी बराबर. दुसऱ्या गुरुवारी तुम्हीही होतात की तिथं. वरून तिसरा जोड, गुलाबी.