साडेतीन गाड्या

“हात फिरवला की झालं, साहेब!” ऋषिराजनं छाती ठोकून सांगितलं.

इस्लामपूरकडच्या त्या साखर कारखान्यात कुणाच्या फडाला किती गाड्या ते मेसेजनं कळवणारा ऊसतोडीचा प्रोग्रॅम अजून पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेच्या जुन्या व्हर्जनवर रांगत होता. तो सगळ्या डेटासकट नव्या व्हर्जनवर न्यायचा. जमलं तर हंगामी ऋषिराज नोकरीत कायम, असा ऑफिसचे मुख्य लालासाहेब यांचा शब्द होता.

“आन् न्हाई जमलं तर हंगाम संपला की घरी!” लालासाहेब म्हणाले.

ऋषिराज पेटला! एक एरर मिटवली की दुसरी यायची, गावजेवणात पाहुणे यावेत तशी. शेवटी कॉम्प्युटर गप्प झाला. ऋषिराजला वाटलं, शरण आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर ही गर्दी! उसाची गाडी येत होती. जुवाच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला घामाघूम गाडीवान जोतिबा मेजर! पलटणीतून ते हवालदार होऊन आले होते. पण आपल्याकडं रिटायर झालेला प्रत्येक फौजी मेजरच.

“आवं मेजर, दुसरा बैल कुठाय?” ऋषिराजनं धावत येऊन विचारलं.

“गोठ्यात! तुमचाच मेसेज हाय, सुलाबाईच्या फडाला साडेतीन गाड्या. तीन पुढं गेल्या. अर्धी ही!”

“मला इचारायचं तरी!”

“ऑर्डरीला उलटं इचारत्यात व्हय रं?”

ऋषिराजनं बोटांवर हिशेब केला. सात टन ऊस, गाडीला दोन टन. जुनं व्हर्जन भागाकार करून नुसतं ‘तीन’ म्हणायचं आणि उरलेला अर्धा गिळून ढेकरही द्यायचं नाही. नवं पडलं सत्यवादी!

तेवढ्यात सुलाबाई तरातरा आल्या. ऋषिराजनं मान खाली घातली.

“कुणी धाडली रं ही अर्धी गाडी? दरसाली तेवढा ऊस रानातच वाळतुया! यंदा पयल्यांदा फड मोकळा झाला. लय गुणाचं लेकरू!”

लालासाहेब खूश! “गड्या, आता भरतीचा प्रोग्रॅम बी ने नव्यावर. तुझी ऑर्डर त्यातनंच काढू!”

ऋषिराजनं तोही नेला. तिथं कायम जागा एक आणि विभाग दोन. एकाला दोनानं भागून जुनं व्हर्जन दोघांनाही शून्य वाटायचं, म्हणून इतकी वर्षं कुणी कायम झालंच नव्हतं! नव्यानं मात्र चोख न्याय केला.

ऑर्डर निघाली, लालासाहेबांनी न वाचताच सही ठोकली: ‘श्री. ऋषिराज यांना अर्धे कायम करण्यात येत आहे.’

तेव्हापासून ऋषिराज सकाळी कायम असतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हंगामी.