पोपट छाप तेलाचे तोतारामनाना

तोतारामनाना कुणाच्या घरी गेले की चहापाणी नंतर, आधी रिकामी बाटली मागत. बाटली मिळाली की ती गोणपाटात गुंडाळत, पिशवीतली हातोडी काढत आणि परसात जाऊन तिचा चुरा करत. काचा स्वतः भरून नेत, आणि मगच ओसरीवर येऊन विचारत, “हं, काय म्हणता?”

जळगावात आम्ही शेजारी. नानांचं माक्याचं केशतेल होतं, त्यावर हिरव्या पोपटाची छाप. रिकामी बाटली चोराच्या हाती लागली की तो तीत भलतंसलतं भरून पोपटाच्या नावावर खपवणार, ही नानांची धास्ती. “बाटली मनी, पोपट मना. बठ्ठा चोर शेतस!” म्हणजे बाटली माझी, पोपट माझा, बाकी सगळे चोर, हे पालुपद गावात पोरासोरांना पाठ होतं. छापाची नोंद त्यांनी सबरजिस्ट्रारकडे केली होती. मी त्याच कचेरीतला कारकून, म्हणून त्यांच्या लेखी मी अर्धा वकील.

आमच्या हिला रॉकेलसाठी बाटली लागे. ती बाटली लपवी आणि नाना हुडकून काढत. त्यात त्यांना डोकी हुंगायची खोड. बाजारात पुढे चाललेल्या माणसाच्या टाळूशी नाक नेऊन ते निवाडा देत, “हाई मनं तेल नहीं.” एकदा त्यांनी चक्क फौजदाराचं डोकं हुंगलं. तेल पोपट छापच निघालं, म्हणून नाना वाचले.

खरं सांगायचं तर अलीकडे नानांच्याच तेलाचा वास उतरला होता. पूर्वी ते त्यांची बायको आणि सून सरू मिळून कढवत. बायको गेली. पुढे मुलगा तापात गेला आणि सरूचे भाऊ तिला माहेरी, धुळ्याला घेऊन गेले. नानांनी तिला ‘राहा’ म्हटलं नाही. सरूचं नाव काढलं की ते विषय बाटलीवर नेत. आता एकटेच चुलीपुढे बसून तेल कढवत, आणि ते बिघडलंय हे सांगायची आमची कुणाची छाती नव्हती.

अशात एका मारवाडी शेठजींनी माल रंगूनला पाठवायचं कबूल केलं. नाना हवेतच! “भाऊ, रंगूनना बठ्ठा डोका आते आपला!” मीही कचेरीत उगाच नकाशा काढून बसलो. पण शेठजींनी एक अट घातली. धुळ्यात पोपट छाप नकली माल विकला जातोय, तो आधी बंद करा. एक खोटी बाटली परमुलखात गेली तर नाव कायमचं बुडेल.

झालं! मला रजा टाकायला लावून नानांनी चाळीसगावमार्गे धुळं गाठलं. वाटेत गाडीत त्यांनी चोराला किती शिक्षा होईल हे मला पुन्हापुन्हा विचारलं, आणि मीही ती दर खेपेला थोडी वाढवून सांगितली. धुळ्याच्या दुकानदाराने मागच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. आम्ही शिपाई घेऊन गेलो. ओसरीवर पोपटाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. नानांनी एक उघडली, तेल तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले.

आतून सरू आली. पदर सावरून तिनं वाकून नमस्कार केला.

“दुसरं नाव कसं लावू, मामंजी? तेल ते आपलाच घरनं शे,” ती म्हणाली.

शिपायानं विचारलं, “नाना, लिहू ना? नकली माल?”

“माल असली शे.”

“मग नकली कोण करतं?”

“नकली मी करस,” नाना म्हणाले. “जळगावले.”

शिपाई माझ्याकडे बघू लागला. लिहू नको म्हणून मी त्याला खूण केली. सरूनं पाट मांडला. नाना जेवायला बसले, पण उजवा हात धुवायला तयार होईनात. शेवटी डाव्या हातानं जेवले, आणि परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत तो उजवा तळहात नाकाशी धरून बसले होते.

रंगूनला पहिली पेटी गेली ती धुळ्याची.

पेटी रवाना झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नाना आमच्या दारात उभे. हिनं मुकाट्यानं रॉकेलची बाटली रिकामी करून आणली आणि गोणपाटही पुढे केलं. नानांनी ते बाजूला सारलं. आमच्या न्हाणीत बसून राखेनं, मग शिकेकाईनं बाटली घासली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली.

“हातोडी विसरलात का नाना?” हिनं विचारलं.

“फोडानी नहीं. सरूकडे जाई ऱ्हायनू,” नाना बाटली धोतराला पुसत म्हणाले. “लेकीना घर रिकामा हात कसा जाऊ?”