पंचाहत्तर फिजी डॉलर म्हणजे किती?

२००६ साली फिजीच्या सहलीनिमित्त कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये कौटुंबिक चलन धोरण जाहीर झालं. कलम एकच: खिशात हात घालण्यापूर्वी फिजी डॉलरचे अमेरिकी डॉलर करावेत, त्यांचे रुपये करावेत, आणि तेवढ्यात नाशिकला काय आलं असतं ते पाहावं. सोयीसाठी एका फिजी डॉलरचा दर सव्वीस रुपये धरण्यात आला.

"अरे, पगार डॉलरमध्ये मिळतो ना तुला?" हिमानीने नवऱ्याला विचारलं.

"पगार डॉलरमध्ये. मन रुपयात," शंतनू म्हणाला आणि लॅमिनेट केलेला तक्ता त्याने तिच्या पर्समध्ये सरकवला.

सहा वर्षांच्या सावनीची मागणी एवढीच, की काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं. माशांना दाखवायला तिने आपला नुकताच पडलेला दात बरोबर घेतला होता. हिमानीने तो कापसात गुंडाळून दिला.

पहिल्या दिवशी धक्क्यावर तिघांचं तिकीट निघालं पंचाहत्तर.

"एकोणीसशे पन्नास!" शंतनूचा आवाज चढला. "आईचा महिन्याचा किराणा येतो यात!"

सबब अन्य दरपत्रकं मागवणं आलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या धक्क्यावर बोट बहात्तरला मिळत होती, पण तिथवर टॅक्सीचे आठ झाले. तोटा वाढू नये म्हणून बोटीत न बसता त्याच टॅक्सीने परत येण्यात आलं. तिसऱ्या दिवशी दर उतरेल या आशेने शंतनू हॉटेलातल्या चलनाच्या फलकासमोर खुर्ची टाकून बसला.

"बाबा, इज इट चीप नाउ?" सावनी दर तासाला येऊन विचारी.

"ऑलमोस्ट, राणी."

चौथा दिवस शेवटचा. प्रस्ताव एकदाचा मंजूर झाला. हिमानीने नोटा पुढे केल्या आणि शंतनू म्हणाला, "थांब गं. सावनीच्या अर्ध्या तिकिटाचं आजच्या दराने परत बघू."

नावाडी तिथलाच, पणजोबांपासूनची हिंदी बोलणारा. "भैया, मछरी नहीं रुकेगा," म्हणत त्याने दोर सोडला आणि शेवटची फेरी तिघांविना निघाली.

सावनी रडली नाही, हेच हिमानीला जास्त लागलं. एवढी मोठी झालेली मुलगी तिने कडेवर घेतली.

विमानतळावर तीनशे फिजी डॉलर उरलेले निघाले. बदलायला गेलं तर कापून देतात. म्हणून शंतनूने एका मिनिटात, तक्त्याला हात न लावता, मांडीएवढं लाकडी कासव घेतलं. "नाहीतर फुकट गेले असते ना!"

फ्रीमाँटच्या मराठी मंडळींच्या पुढच्या पॉटलक जेवणाला सगळे त्या कासवाभोवती जमले.

"फिजी डॉलरला रेट काय बसला रे?" हेमचंद्रकाकांनी विचारलं.

"वी डिडन्ट सी द फिश," सावनी म्हणाली.

"मासे काय, मॉन्टरेच्या मत्स्यालयातही दिसतात," काका म्हणाले. "हिमानी, तिथलं तिकीट किती गं?"

वाचकहो, काकांना हसू नका. पंचाहत्तर गुणिले सव्वीस खरंच एकोणीसशे पन्नास होतात का, हे तुम्ही मघाशीच मनातल्या मनात पडताळून घेतलंत. त्या काचेखाली कुठले मासे होते, हे तुम्हीही विचारलं नाहीत.