रवळूच्या पत्रिकेतला ‘डू’

“छापखान्याची पायरीसुद्धा चढणार न्हाय! माझ्या लग्नाची पत्रिका माझा एडिटरच छापणार!” रवळूनं घरात जाहीर करून टाकलं.

साल अठ्ठ्याऐंशी. एडिटर म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक नव्हे. कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाइप करायची सोय. टिळकवाडीतल्या एका कंपनीत रवळू तिची निगा राखायचा. त्यानं एडिटरला पास्कल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवली होती. तिच्यात ‘विथ’ आणि पुढं नाव आलं, की मागोमाग ‘डू’ लागतोच. माणूस विसरेल म्हणून तो ‘डू’ एडिटर स्वतःच घालायचा. काय ती हुशारी! या सगळ्याचं जाडजूड मॅन्युअल आणि त्याची सूचीही रवळूचीच. सूचीवर त्याचा इतका जीव, की मालूला पहिल्या भेटीत त्यानं तीच दाखवली होती.

नजर कीबोर्डवर ठेवून त्यानं इंग्रजीत ठोकलं, ‘रवळू विथ मालू’. प्रिंटर खरखरला. पहिली पत्रिका मानानं होणाऱ्या सासऱ्यांकडं, कॅम्पात गेली.

दुपारी सासरे ऑफिसात हजर! पेन्शनीत निघालेले परशराम हवालदार, मिशा ताठ. मागं मालू, हसू दाबत.

“ही काय पोरगी मागायची रीत झाली व्हय रं? ‘मालू दो’?”

रवळूनं पत्रिका ओढून घेतली आणि वाचली. ‘रवळू विथ मालू डू’! आणि हवालदार पलटणीत हिंदी शिकलेले, तेही इंग्रजी अक्षरांतून. त्यांच्या लेखी डी-ओ म्हणजे दो!

“मामा, ते दो न्हाय, डू हाय! मशीन आपसूक घालतंय!”

“मशीनला माझी पोरगी कशाला पायजे?”

“तसं न्हवं ओ...”

“निदान ‘दीजिए’ तरी लिवायचं! आत्ताच्या आत्ता पूस, न्हायतर सोयरीक मोडली!”

रवळूनं ‘डू’ खोडला. ‘डू’ परत आला! पुन्हा खोडला, पुन्हा आला. गोचिडासारखा चिकटला होता मेला! ही सोय बंद कशी करायची, तेच घाबरून आठवेना. त्यानं धावत सूची उघडली. पानं उलटून बोटं दुखली. मग आठवलं. इतक्या गुणाची सोय कोण कशाला बंद करील, म्हणून ते त्यानं सूचीत घातलंच नव्हतं!

हवालदार पडद्याकडं टक लावून बघत होते. “थांब,” ते म्हणाले. “आमच्या पोरीचं नाव आधी घाल.”

रवळूनं घातलं. एडिटरनं इमानेइतबारे आपलं काम केलं. ‘मालू विथ रवळू डू.’

“रवळू दो!” हवालदारांनी मोठ्यांदा वाचलं आणि त्यांच्या मिशा फुलल्या. “हां! आता हुकूम आमचा! काढ सगळ्या!”

लग्न वाचलं! रवळूला तर प्रिंटरला मिठी मारावीशी वाटली. मालूनं ताजी पत्रिका उचलली. एकदा त्या कागदाकडं बघितलं, एकदा घामाघूम रवळूकडं.

“ते खरं, आप्पा,” ती म्हणाली, “पर एवढा हुकूम काढून मागून घ्यावं, असं ह्यांच्यात हाय तरी काय?”