गजभिये काकूंचं लोहारकाम

आमच्या शेजारच्या गजभिये काकूंनी सात महिन्यांत शेकडो लोखंडी हातमोजे घडवले. सगळे कॉम्प्युटरवर. काका वारल्यावर मुलीनं बंगळुरूहून आपला जुना लॅपटॉप पाठवला, त्यात तिचा एक खेळ राहून गेला होता. राजे, जादूगार आणि डोंगरावर एक ड्रॅगन. तो ड्रॅगन मारायचा, एवढंच काम. काकू मात्र पहिल्या गावातल्या लोहाराच्या भट्टीपासून हलायला तयार नव्हत्या.

मदन महल कॉलनीत आमची दारं समोरासमोर. लॅपटॉप अडला की काकू मला हाक मारायच्या, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

"काकू, तिकडे ड्रॅगन गावं जाळून राहिला," मी म्हणायचो.

"जाळू दे. लोहारकाम शंभरावर गेल्याशिवाय मी कुठं जात नाही. कच्च्या हातानं कात्री चालवली तर कापडच जाते ना, भैया!"

काकू आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायच्या. नव्या मुलींकडून महिनाभर नुसती काजं करून घ्यायच्या. तोच कायदा त्यांनी स्वतःला लावला. एक हातमोजा घडवला की कौशल्य किंचित वाढायचं; मग दुसरा. दुपारची झोप सुटली, भिशी सुटली, हातमोजे सुटले नाहीत.

खेळात एक पातळी चढलं की चिलखतासाठी एखादी खास शक्ती निवडता येते. तिला पर्क म्हणतात. एकदा घेतला की बदलता येत नाही. काकू तीन दिवस अडल्या. मी म्हटलं, आग लागत नाही तो घ्या. मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, वजन जाणवत नाही ना, वो वाला ले लो." काकूंनी तिसराच घेतला: टोपापासून बुटांपर्यंत सगळं एका मापाचं असेल, तर चिलखत जास्त मजबूत.

"बाकी साऱ्या गमती. आधी फिटिंग."

अखेर लोहारकामाचं कौशल्य शंभरावर पोचलं. काकूंनी काळंभोर चिलखत घडवलं, चढवलं आणि डोंगरावर गेल्या. ड्रॅगननं दोनदा आग ओकली. काकू जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या घावात तो आडवा! मी टाळ्या वाजवल्या.

"अच्छा, एवढंच होतं?" म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुन्हा भट्टीवर. तसंच आणखी एक चिलखत घडवून त्या गावाच्या पुलावर आल्या. तिथं एक पहारेकरी उभा असतो. ते त्यांनी त्याला देऊन टाकलं.

"काहून दिलं, काकू? त्याला कोणी मारत नाही. तो नुसता उभा राहतो."

"माहीत आहे मला."

पहारेकऱ्यानं चिलखत चढवलं. काकूंनी त्याला चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"आमचे हे," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले. वर्दीचा कोट खांद्यात ढिला होता. साऱ्या कॉलनीचं शिवलं मी. यांना म्हटलं, द्या, दुरुस्त करते, तर म्हणत, 'चालते ना.'"

काकू पुन्हा एकदा पहारेकऱ्याच्या मागून फिरून आल्या.

"मग मीपण चालू दिलं."